बारा वर्षांच्या पीसीला ग्राफिक्स कार्ड : नाशिकमधल्या कामाच्या नोंदी

शनिवार, ८ नोव्हेंबर २०२५

अंबडला आमच्या कारखान्यातल्या शॉपला शनिवारी सुट्टी असते, त्यामुळे हे काम शनिवार धरूनच चालणार. नोंदी ठेवतोय कारण जुन्या पीसीला वेगळं ग्राफिक्स कार्ड बसवून भागेल का, असं दिवाळीत दोन नातेवाइकांनी विचारलं, आणि मला धड उत्तर देता आलं नाही.

पीसी २०१३ मध्ये पार्ट आणून जुळवलेला. प्रोसेसर इंटेल कोअर आय-५ ३४७०, एच ६१ चिपसेटचा मदरबोर्ड, चार-चार जीबीच्या दोन डीडीआर-३ रॅम, तीन वर्षांपूर्वी टाकलेली एसएसडी. वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही, चित्र दाखवायचं काम प्रोसेसरच्या आतलंच एचडी २५०० करतं. मॉनिटरही तेव्हाचाच, मागे फक्त व्हीजीए, म्हणजे चित्राची जुन्या प्रकारची जोडणी.

मुलीनं ॲनिमेशनचा क्लास लावलाय. क्लासमध्ये ब्लेंडर या थ्रीडी ॲनिमेशनच्या प्रोग्रामची नवी आवृत्ती आहे. घरी ती टाकली तर उघडायच्या आधीच संदेश येतो की ओपनजीएल ४.३ (प्रोग्रामनं ग्राफिक्सकडून चित्र काढून घ्यायची पद्धत) चालणारं ग्राफिक्स हवं. आमचं एचडी २५०० विंडोजवर ४.० च्या पुढं जात नाही. जुनी आवृत्ती टाकून पाहिली, ती उघडली, पण क्लासमधली फाइल तिच्यात नीट येईना. प्रोसेसरची अडचण नाही, तो ब्लेंडरच्या अटीत बसतो. अडलंय ते फक्त ग्राफिक्सवर.

नवा पीसी घ्यायचा तर चाळीस हजारांच्या खाली येत नाही. मी आठ हजार बाजूला काढलेत.

रविवार, ९ नोव्हेंबर

कार्ड घेतलं. हीच पहिली चूक, कारण अजून कॅबिनेटचं झाकणही उघडलं नव्हतं.

जुन्या वस्तूंच्या जाहिरातीत 'जीटीएक्स १०५० टीआय, ४ जीबी, ३२०० रुपये' असं दिसलं. मुंबई नाक्याजवळ भेटून घेतलं. कार्डाला व्हीजीए पोर्ट होता, आणि तेच बघून मी खूश झालो. मॉनिटरलाही व्हीजीए, कार्डालाही व्हीजीए, म्हणजे कन्व्हर्टरचा खर्च वाचला असं वाटलं. सोबत विकणाऱ्यानं ड्रायव्हरचा, म्हणजे कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचा, पेनड्राइव्ह दिला आणि एक छोटी जोडवायरही दिली, कारण कार्डाला सहा पिनांचं वेगळं पॉवर कनेक्शन लागत होतं आणि माझ्या एसएमपीएसला, म्हणजे पीसीला वीज पुरवणाऱ्या डब्याला, तसा कनेक्टर नव्हता.

घरी आणून बसवलं. चित्र आलं. पेनड्राइव्हवरचा ड्रायव्हर चढला, ब्लेंडर उघडलं. मुलीनं मॉडेल दोनदा फिरवलं आणि पीसी खटकन बंद. परत चालू केला, पाच मिनिटांत परत बंद. असं चार वेळा झालं, तेव्हा हात थांबवला आणि कार्ड काढून ठेवलं.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

शॉपमध्ये कुठलीही मोटर जोडायच्या आधी तिची रेटिंग प्लेट वाचतो. घरच्या मशीनचं लेबल मात्र बारा वर्षांत एकदाही वाचलं नव्हतं. आज कामावरून आल्यावर वाचलं.

कॅबिनेटसोबत फुकट आलेला एसएमपीएस. वर मोठ्या अक्षरांत ४५० वॅट. खालच्या बारीक तक्त्यात +१२ व्होल्टसमोर १६ अँपिअर. १२ गुणिले १६ म्हणजे १९२ वॅट. आजच्या पीसीत प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड जवळजवळ सगळी वीज याच १२ व्होल्टमधून घेतात, त्यामुळे माझ्या कामाचा एसएमपीएस १९२ वॅटचा. वरच्या ४५० मध्ये ५ आणि ३.३ व्होल्टची बेरीज धरलेली असते, तिचा कार्डाला काही उपयोग नाही.

आता हिशोब. आय-५ ३४७० चं रेटिंग ७७ वॅट. पंखे, एसएसडी, जुनी हार्डडिस्क मिळून वीस धरले. खरं १०५० टीआय ७५ वॅटचं असतं. बेरीज १७२. काठावर, पण १९२ च्या आत. मग मशीन बंद का पडतं?

१०५० टीआय ज्या कंपनीचं, त्या एनव्हीडियाच्या साइटवरून ताजा ड्रायव्हर उतरवला. तो म्हणाला, जुळणारं हार्डवेअर नाही. तेव्हा शंका आली. कार्डात खरं काय आहे ते दाखवणारा जीपीयू-झेड हा छोटा प्रोग्राम फुकट आहे, इन्स्टॉलही करावा लागत नाही. तो चालवल्यावर कार्डाच्या नावाच्या आधीच 'फेक' असं लिहून आलं. चिप जीएफ ११६, कुडा कोअर (चिपमधले गणित करणारे छोटे भाग) १९२. म्हणजे आत २०११ चं जीटीएक्स ५५० टीआय. खऱ्या १०५० टीआयला ७६८ कोअर असतात. कार्डाच्या आतला बायोस, म्हणजे त्याचं मूळ सॉफ्टवेअर, बदलून नाव नवं लावलेलं.

५५० टीआयचं रेटिंग ११६ वॅट. ७७ अधिक ११६ अधिक २० म्हणजे २१३. एसएमपीएस १९२ चा. बंद पडण्याचं कोडं तिथंच सुटलं.

दोन खुणा माझ्या डोळ्यांसमोर होत्या. एनव्हीडियानं १० सिरीजपासून कार्डातलं ॲनालॉग आउटपुट काढून टाकलं, त्यामुळे १०५० टीआयवर व्हीजीए पोर्ट दिसला की आधी ते कार्ड खोटं असल्याचाच संशय घ्यायचा. दुसरी खूण ती सहा पिनांची वायर. काही खऱ्या १०५० टीआय कार्डांनाही ती लागते, त्यामुळे एवढ्यावरून निकाल देता येत नाही, पण तिथं थांबून विचारायला हवं होतं. विकणाऱ्याचा फोन बंद लागतोय. ३२०० रुपये आणि तीन संध्याकाळी गेल्या.

झोपायच्या आधी मल्टिमीटर घेऊन एसएमपीएसही तपासला. हार्डडिस्कच्या मोठ्या चार पिनांच्या कनेक्टरमध्ये पिवळी वायर १२ व्होल्ट, काळी ग्राउंड. मशीन नुसतं चालू असताना ११.७ दाखवत होतं, प्रोसेसरवर लोड दिला की ११.३. पाच टक्के सूट धरली तरी ११.४ च्या खाली जाता कामा नये. जाळीतून टॉर्च मारला तर एका कपॅसिटरचं डोकं फुगलेलं दिसलं. एसएमपीएस बदलायचा, हे ठरलं. तो उघडून दुरुस्त करायच्या भानगडीत पडू नका. प्लग काढल्यावरही आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये जीवघेणा चार्ज राहू शकतो.

शनिवार, १५ नोव्हेंबर

आज पैसे खर्च केले नाहीत. फक्त मापं घेतली आणि वाचलं. हे काम आठ तारखेला करायला हवं होतं.

प्लग काढला, पॉवर बटण दहा सेकंद दाबून धरलं, स्वेटर काढून ठेवला. थंडीत नाशिकची हवा कोरडी होते, लोकरीचा स्वेटर घातला की दाराच्या कडीलाही झटका बसतो. कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावूनच आतल्या वस्तूला हात लावला.

कार्ड जिथं स्क्रूनं आवळतात त्या मागच्या पट्टीपासून हार्डडिस्कच्या पिंजऱ्यापर्यंत २३८ मिमी. त्यातून वायर वळायला दहा-पंधरा मिमी सोडले, म्हणजे कार्ड २२० च्या आत हवं. कार्ड बसतं त्या लांब स्लॉटच्या पलीकडे साटाची, म्हणजे डिस्क जोडायची, दोन सॉकेट उभी आहेत. लांब कार्ड आलं असतं तर त्यांच्यावरच बसलं असतं. लांब स्लॉटच्या लगेच खाली छोटा स्लॉट आहे, त्यात वायफाय कार्ड. बाजारातली बरीच कार्डं पंख्यामुळे दोन स्लॉटची जागा खातात, म्हणजे वायफाय जाणार. हा खर्च कुणी सांगत नाही, म्हणून मुद्दाम लिहितोय. माझ्याकडे यूएसबी वायफाय ४५० रुपयांना येईल.

कॅबिनेट पूर्ण उंचीचं आहे, पट्टी साधारण १२ सेमी. हे बरं झालं. स्लिम पीसीत ही उंची ८ सेमीच्या आसपास असते आणि तिथं लो-प्रोफाइल कार्डच लागतं.

मग स्लॉटचा विषय. या स्लॉटच्या पद्धतीला पीसीआय एक्सप्रेस म्हणतात. तिच्या पिढ्या मागच्या-पुढच्या चालतात, ४.० चं कार्ड ३.० च्या स्लॉटमध्ये बसतं आणि चालतं. फरक वेगात पडतो, आणि तोही कार्ड किती लेन (डेटा जायच्या समांतर वाटा) वापरतं त्यावर. तिसऱ्या पिढीचा आय-५ असल्यानं माझ्या बोर्डावर ३.० मिळतो. दुसऱ्या पिढीचा प्रोसेसर असता तर २.० वर भागवावं लागलं असतं. या स्लॉटमधून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट मिळतात. त्यापुढं सहा पिनांचा कनेक्टर आणखी ७५ देतो आणि आठ पिनांचा १५०.

या सगळ्यातून एकेक कार्ड चाळत गेलो.

जीटी ७१० सगळ्यात स्वस्त, पण त्या पिढीचे नवे ड्रायव्हर थांबलेत. जीटी १०३० फक्त ३० वॅटचं आणि एसएमपीएस तसाच ठेवता आला असता. पण या एका नावाखाली दोन वेगळी कार्डं विकली गेली, एक जीडीडीआर-५ मेमरीचं आणि एक डीडीआर-४ चं. दुसऱ्याची मेमरी जवळजवळ एक तृतीयांश वेगाची, आणि दुकानात खोक्यावर बारीक अक्षरं वाचल्याशिवाय कळत नाही. शिवाय दोन्हींत व्हिडिओ एन्कोडर, म्हणजे व्हिडिओची फाइल झटपट बनवणारा भाग, नाही. मुलगी पुढं व्हिडिओही करणार, म्हणून ते सोडलं.

एएमडीचं आरएक्स ६४०० मनात फार भरलं होतं. ५३ वॅट, वेगळी वायर नाही. पण ते चारच लेन वापरतं. ४.० वर ते खपून जातं, ३.० वर तो रस्ता निम्मा होतो. त्यातही एन्कोडर नाही. इंटेलचं आर्क ए ३८० रिसाइझेबल बार या सोयीवर (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरता येणं) अवलंबून आहे, माझ्या बोर्डात ती नाही. खरं १०५० टीआय आता मिळालं तरी नको, कारण एनव्हीडियानं त्या पिढीचे नवे गेम-रेडी ड्रायव्हर गेल्या महिन्यात थांबवले, फक्त सुरक्षेची दुरुस्ती ऑक्टोबर २०२८ पर्यंत देणार.

उरलं जीटीएक्स १६५०. ७५ वॅट, ४ जीबी, ८९६ कोअर, २०१९ पासूनचं, ड्रायव्हर चालू. काही कंपन्यांनी यालाही सहा पिनांचा कनेक्टर दिलाय, तो नसलेलं घ्यायचं. नवं घेणं बजेटबाहेर, म्हणून जुनं, पण यावेळी हातात तपासून.

शनिवार, २२ नोव्हेंबर

सकाळी एम. जी. रोडवरून एसएमपीएस आणला. ४५० वॅटचाच, पण ८० प्लस ब्राँझ या कार्यक्षमतेच्या प्रमाणपत्राचा. लेबलवर १२ व्होल्टला ३६ अँपिअर, म्हणजे ४३२ वॅट. जुना आणि नवा शेजारी ठेवले तर वरचा मोठा आकडा दोन्हींवर सारखाच. दुकानदारानं आधी ९०० रुपयांचा दाखवला होता. मी म्हटलं, "दादा, लेबल बघू द्या." त्यावर १८ अँपिअर. ठेवून दिला. २४५० रुपये गेले, ते सगळ्या कामातले सर्वांत योग्य ठिकाणी गेले असं मला वाटतं. कार्ड बदलता येतं, पण खराब एसएमपीएस जाताना बोर्ड आणि एसएसडी बरोबर घेऊन जाऊ शकतो.

बसवताना अर्धा तास वाया गेला. चोवीस पिनांचा मोठा कनेक्टर लावला, साटा लावलं, चालू केलं. पंखे फिरले, पडदा काळा. प्रोसेसरजवळ कोपऱ्यात चार पिनांचं वेगळं कनेक्शन असतं, ते राहिलं होतं. नव्या एसएमपीएसला आठ पिना आल्यात, त्या चार-चार अशा दोन भागांत सुटतात. त्यातला एक भाग लावला आणि मशीन उठलं. जुन्या बोर्डावर आठ पिनांचा कनेक्टर दाबून घुसवू नका, सुटणारा आहे का ते आधी बघा.

लोडवर मोजलं : ११.९८.

दुपारी कॅनडा कॉर्नरजवळ लॅपटॉप दुरुस्तीचं एक छोटं दुकान गाठलं. त्यांच्याकडे कुठल्याशा कॅफेतून आलेली तीन १६५० होती. मी पेनड्राइव्हवर जीपीयू-झेड आणि कार्डावर पूर्ण लोड टाकून बघणारा फरमार्क घेऊन गेलो होतो. विचारलं, "तुमच्या मशीनवर लावून बघू का?" ते लगेच हो म्हणाले. ज्या विक्रेत्याला याचा राग येतो त्याच्याकडून घ्यायचं नाही, असं मी आता ठरवलंय.

पहिल्या कार्डाचा पंखा बोटानं फिरवला तर डुलत होता. दुसऱ्यावर सहा पिनांचा कनेक्टर. तिसरं दोन स्लॉटचं, २०० मिमी, कनेक्टर नाही. जीपीयू-झेडमध्ये चिप टीयू ११७, कोअर ८९६, मेमरी जीडीडीआर-५, ४ जीबी, सगळं जुळलं. फरमार्क पंधरा मिनिटं चालवलं, तापमान ७४ वर जाऊन स्थिर झालं, पडद्यावर ठिपके किंवा रेघा नाहीत. मागे एचडीएमआय, डिस्प्ले पोर्ट आणि डीव्हीआय. ६००० रुपये, पंधरा दिवसांची बदली बिलावर हातानं लिहून घेतली, कार्डाच्या स्टिकरवरच्या सिरीयल नंबरसह. गंज चढलेले स्क्रू किंवा नवे दिसणारे स्क्रू, दोन्ही बघून घ्या. नव्या स्क्रूंचा अर्थ कुणीतरी आत गेलं होतं.

रस्त्यात एचडीएमआय ते व्हीजीए वायर घेतली, १५० रुपये.

शनिवार, २९ नोव्हेंबर

मधल्या आठवड्यात रात्रपाळी होती, हात लावता आला नाही.

कार्ड लावण्याआधी खोट्या कार्डाचा ड्रायव्हर मुळापासून काढला. विंडोज सेफ मोडमध्ये नेऊन डीडीयू हा ड्रायव्हर पुसून काढणारा प्रोग्राम चालवला. साधं अनइन्स्टॉल केलं तर मागे बरंच काही राहतं. तो ड्रायव्हर कुठून आला तेच माहीत नव्हतं, म्हणून अँटिव्हायरसचं पूर्ण स्कॅनही करून घेतलं आणि मुलीच्या ईमेलचा पासवर्ड बदलला.

कार्ड बसवलं. स्लॉटच्या टोकाची प्लास्टिकची कळ टक वाजली. मागे स्क्रू आवळला. चालू केलं. पडदा काळा.

इथं जवळजवळ दोन तास गेले. काढून परत बसवलं. संपर्काच्या सोनेरी पट्ट्या खोडरबरानं हलक्या पुसल्या. रॅम काढून लावल्या. शेवटी बाहेरच्या खोलीतला टीव्ही साध्या एचडीएमआय वायरनं जोडला, आणि विंडोज समोर उभं. कार्ड ठणठणीत होतं, वायर निरुपयोगी होती. एचडीएमआय डिजिटल, व्हीजीए ॲनालॉग. मध्ये रूपांतर करणारी चिप नसेल तर दोन टोकं नुसती जोडून काही होत नाही. १५० च्या वायरमध्ये चिप नव्हती. कार्डाचा डीव्हीआय पोर्टही डिजिटलच, तिथं साधा जोडतुकडा चालत नाही. संध्याकाळी शालिमारला जाऊन चिपवाला कन्व्हर्टर आणला, ४२० रुपये. लगेच चित्र आलं.

नवा ड्रायव्हर पहिल्या फटक्यात चढला. मुलगी रात्री साडेअकरापर्यंत पीसीसमोरून उठली नाही.

रविवार, ३० नोव्हेंबर

सकाळी पडदा परत काळा.

पंखे फिरतायत, कार्डाचाही पंखा फिरतोय, चित्र नाही. रात्री चालत होतं ते सकाळी नाही, आणि मधल्या वेळात कुणी हातही लावला नाही. ओळखीच्या एकानं फोनवर सांगितलं की बोर्डाचा बायोस (पीसी सुरू करणारं बोर्डावरचं सॉफ्टवेअर) जुना आहे, अपडेट करून टाक. पेनड्राइव्ह तयारही केला होता. मग थांबलो, कारण तो चुकला किंवा मध्ये वीज गेली तर बोर्ड कायमचा जाऊ शकतो, आणि काल याच बायोसवर कार्ड चाललं होतं. जे काल चाललं त्याला आज अपडेट हवं कशाला?

मॉनिटरची वायर बोर्डाच्या स्वतःच्या व्हीजीएला लावली. चित्र आलं! आणि कोपऱ्यातल्या घड्याळात १ जानेवारी, साल कितीतरी मागचं. तिथं कळलं. बोर्डावरचा नाण्यासारखा सेल, सीआर २०३२, संपलेला. आम्ही रात्री भिंतीवरचं बटण बंद करतो. वीज गेली की बायोस सगळं विसरतो आणि कंपनीच्या मूळ सेटिंगवर जातो. माझ्या बोर्डात मूळ सेटिंग आतलं ग्राफिक्स आधी वापरण्याचं आहे. काल मी वायरचा गोंधळ निस्तरताना ते बदलून पीईजी, म्हणजे स्लॉटमधलं कार्ड आधी, असं केलं होतं, म्हणून रात्री चाललं.

सेल ४० रुपयांचा. बदलला, वेळ लावली, पहिला डिस्प्ले पीईजी करून सेव्ह केलं. दिवसभरात तीन वेळा भिंतीचं बटण बंद करून पाहिलं. आता टिकतंय. काही बोर्डांना नव्या कार्डासाठी बायोस अपडेट खरोखर लागतं, त्याबद्दल वाद नाही. पण ते शेवटी करायचं, आणि करायचंच तर यूपीएस जोडून.

शनिवार, ६ डिसेंबर

आठवडाभर वापरून झाल्यावरचे आकडे.

मुलीची एकच फाइल, तीच सेटिंग. एक फ्रेम रेंडर करायला, म्हणजे एक पक्कं चित्र तयार व्हायला, प्रोसेसरवर १७ मिनिटं ४० सेकंद, कार्डावर ३ मिनिटं ५० सेकंद. तापमान ७१. शॉपमधून आणलेल्या प्लग मीटरवर मशीन रिकामं असताना ४६ वॅट, रेंडर चालू असताना १२५ च्या आसपास. १२ व्होल्टची वायर ११.९६.

जीपीयू-झेडमध्ये एका गोष्टीनं घाबरलो होतो, ते लिहून ठेवतो. बस इंटरफेसच्या ओळीत स्लॉटचा वेग १.१ दिसत होता. कार्ड रिकामं असलं की वीज वाचवायला वेग उतरवतं. त्या ओळीशेजारच्या प्रश्नचिन्हावर दाबून छोटी चाचणी चालवली की लगेच ३.० दिसलं, आणि सोळाही लेन.

जे सुधारलं नाही तेही सांगतो. पाण्याचं किंवा धुराचं सिम्युलेशन प्रोसेसरच करतो, तिथं चार कोअरचा आय-५ पूर्वीइतकाच हळू. एका दृश्यात मोठमोठी टेक्स्चर (वस्तूंच्या पृष्ठभागावर चढवायची चित्रं) भरल्यावर कार्डाची मेमरी पुरत नाही असा संदेश आला. ४ जीबीची ती हद्द आहे. मुलीनं टेक्स्चर चार हजारावरून दोन हजार पिक्सेलवर आणली, मग चाललं. क्लासच्या सरांनी तिला सांगितलं की कामात ही काटकसर तशीही शिकावीच लागते.

विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबरला संपला आणि हा प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत नाही. तूर्त वर्षभराची वाढीव सुरक्षा घेतलीय. पुढच्या वर्षी लिनक्सवर जाण्याचा विचार आहे, ब्लेंडर तिथंही चालतं. पण कुणाचं काम विंडोजच्याच एखाद्या सॉफ्टवेअरवर अडत असेल, तर जुन्या मशीनवर एवढा पैसा घालण्याआधी त्यानं हा विचार जरूर करावा.

खर्च : खोटं कार्ड ३२००, एसएमपीएस २४५०, कार्ड ६०००, बिनचिपची वायर १५०, कन्व्हर्टर ४२०, सेल ४०, यूएसबी वायफाय ४५०. एकूण १२,७१०. दोन चुका वगळल्या असत्या तर ९३६०. माझं बजेट आठ हजार होतं, म्हणजे सगळं बरोबर केलं असतं तरी ते चुकलेलंच होतं, कारण त्यात फक्त कार्डाचा विचार होता.

शनिवार, १३ डिसेंबर

पाथर्डी फाट्यावरून एक सहकारी आला. त्याच्याकडे ऑफिसातून निघालेला स्लिम पीसी आहे, मुलासाठी घेतलेला. त्यानं मोबाइलवर कार्ड निवडूनही ठेवलं होतं, फक्त 'घेऊ का' एवढंच विचारायला आला होता.

म्हटलं, आधी झाकण उघडू. एसएमपीएस २४० वॅटचा, कंपनीच्या स्वतःच्या मापाचा, बोर्डाला जाणारा कनेक्टरही नेहमीच्या चोवीस पिनांचा नाही. म्हणजे बाजारातला एसएमपीएस सरळ लागणार नाही. पट्टी ८ सेमीची, त्यानं निवडलेलं कार्ड पूर्ण उंचीचं. कार्डाला आठ पिनांचा कनेक्टर. लांबी मोजायची गरजच उरली नाही. लो-प्रोफाइल १६५० मिळतं, पण त्याचा भाव ऐकून तो म्हणाला, "एवढ्यात तर हा विकून उभा टॉवर येईल." मलाही तेच बरोबर वाटलं. वीस मिनिटं गेली, पैसा गेला नाही.

जाताना त्यानं टेबलावरचं खोटं कार्ड पाहिलं. एकजण ते आहे तसं दीड हजाराला घ्यायला तयार आहे म्हणाला, पुढं कुणाला तरी लावून देईल. मी नाही म्हटलं. टूल रूममध्ये नंबर कोरायचं पेन आहे, ते सोमवारी घरी आणणार. कार्डाच्या पट्टीवर आणि मागच्या पत्र्यावर '५५० टीआय, खोटे' असं खोलवर कोरायचं, मगच ते भंगारात जाईल.